रत्नाक्काचं पाणी

नांद्रेकाकूंनी पाण्याचा पेला आत्यासमोर ठेवला आणि त्या बाजूला झाल्या, पण त्यांची नजर काही त्या पेल्यावरून हलेना. स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, खाली ताटली. आत्यानं पदर सावरला, पंख्याकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे भगवान बघितले. पेल्याला हात लावला नाही.

मी माझा पेला केव्हाच रिकामा केला होता. जयसिंगपूरहून सांगलीपर्यंत एस.टी.त उभी राहून आले होते आणि मे महिना होता. पण मी पाणी प्यायले काय आणि न प्यायले काय, त्या घरात त्याला काडीची किंमत नव्हती. तिथं सगळा जीव टांगला होता तो आत्याच्या पेल्याला.

माझी आत्या म्हणजे रत्नाक्का. आमच्या जैन समाजात, जयसिंगपूर-सांगलीच्या पट्ट्यात, लग्नाचं स्थळ आलं की चौकशीला रत्नाक्कालाच धाडायचं, अशी रीतच पडून गेली होती. ती कळवून कधी गेली नाही. कळवलं की घर आवरलेलं दिसतं आणि माणसं पावडर लावून बसतात, हे तिचं म्हणणं. आधी शेजारी टेकायची, मग स्थळाच्या घरी. सरळ प्रश्न विचारायची नाही. उन्हाळ्यावरून सुरुवात करून ती बरोबर पगारावर यायची. गेल्या गेल्या पाणी मागायची, ते कोण आणतं नि कशा तोंडानं आणतं ते बघायची. पण प्यायची नाही. मनाची खात्री पटली तरच पेला उचलायची. "अमक्याकडं रत्नाक्का पाणी प्यायली म्हणे," एवढं कानावर आलं की लोक बस्त्याला लागायचे.

गंमत अशी की त्या दिवशी आम्ही स्थळाच्या चौकशीला आलोच नव्हतो. आम्ही आलो होतो कॉलेजच्या चौकशीला.

मी बी.कॉम. झाले होते आणि पुण्याच्या एका खाजगी संस्थेत मला एमबीएला प्रवेश मिळाला होता. माहितीपुस्तक आलं होतं, इतकं गुळगुळीत की हात लावायची भीती वाटावी. फी मात्र अशी होती की अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. अण्णांची पिठाची गिरणी. जागा भाड्याची, यंत्र जुनं. बँकेनं सांगितलं, एवढ्या रकमेला शैक्षणिक कर्ज मिळेल, पण घर किंवा जमीन तारण लागेल. आमच्या सगळ्या घराण्यात स्वतःच्या नावाचं घर होतं एकट्या आत्याचं. तिचे यजमान एस.टी.त कंडक्टर होते. त्यांनी आयुष्यभर पै-पै साठवून दोन खोल्या आणि पुढं पडवी बांधली आणि रिटायर व्हायच्या आत गेले. मूलबाळ नव्हतं. त्या दोन खोल्याच तिचा काय तो आधार.

अण्णा तिला विचारायलाच तयार नव्हते. शेवटी मीच विचारलं, आणि निर्लज्जपणे विचारलं, कारण मला जायचंच होतं. गिरणीच्या पांढऱ्या धुळीत अण्णांचं आयुष्य गेलेलं मी बघत होते. मला काचेच्या इमारतीत बसायचं होतं, नावाची पाटी असलेल्या टेबलामागं.

आत्या म्हणाली, "पोरगी द्यायची तर चौकशी करतोय. घर द्यायचं तर नको व्हय?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो', 'येतो' असंच बोलतात. पुढं पुण्याला गेल्यावर माझ्या या बोलण्याला तिथल्या मुली किती हसल्या होत्या.

तिनं माझ्याकडून माहितीपुस्तक वाचून घेतलं. कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना मिळणाऱ्या सरासरी पगाराचा आकडा मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. हसऱ्या मुलामुलींचे फोटो होते, प्रत्येकाच्या खाली वर्षाचा पगार. एका फोटोवर आत्यानं बोट ठेवलं. "ही सांगलीच्या नांद्र्यांची धाकटी न्हवं? मृदुला." होतीच ती. आत्यानं पिशवी उचलली. माणूस सापडला होता, आता तिला तिचं काम ठाऊक होतं.

सांगलीत पोचल्यावर रिवाजाप्रमाणे आम्ही आधी शेजारी टेकलो. शेजारणीनं सांगितलं, मृदुला पुण्यात नोकरीला आहे, एकाआड एक शनिवारी घरी येते, आजही आलीय. मुलगी सोन्यासारखी आहे, म्हणाली. मग "आलोच हं" म्हणून मागच्या दारानं बाहेर गेली आणि जरा वेळानं धापा टाकत परत आली. ती कुठं गेली होती हे त्या वेळी आमच्या लक्षात यायला हवं होतं. माझ्या नाही आलं, आणि इतक्या वर्षांच्या मुरलेल्या आत्याच्याही नाही आलं. दुसऱ्याच्या घराची कुंडली वाचणाऱ्या माणसाला आपल्या पाठीमागं काय वाजतंय ते ऐकू येत नाही.

तर असे आम्ही नांद्र्यांच्या घरात बसलो होतो. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती, निऱ्या घाईत बसवलेल्या. मृदुला आत होती. "रात्रीच्या गाडीनं आलीय ना, दमलीय जरा. येईल," असं काकू दोनदा म्हणाल्या.

आत्यानं उन्हाळ्यापासून सुरुवात केली. उन्हावरून पुण्यातल्या हवेवर आली, हवेवरून पुण्यातल्या घरभाड्यावर. "एवढ्या भाड्यात पोरींचं कसं भागतंय कुणास ठावं."

काकूंनी लगेच सांगितलं की मृदुलाला पगार उत्तम आहे, पुस्तकात फोटोखाली छापून आलाय.

"शिकायला बँकेचं काढलं असंल," आत्या सहज म्हणाल्यासारखी म्हणाली.

"काढलं होतं," काकू म्हणाल्या. "ते फिटलं की केव्हाच. आता तिचं सगळं तिचंच आहे."

फिटलं, केव्हाच! म्हणजे माझंही फिटेल. दोन वर्षं शिकायचं, थोडी वर्षं फेडायचं, आणि आत्याच्या घराला ओरखडासुद्धा न येता कागद परत. मी आत्याकडे बघितलं. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली होती. तिनं पेल्याकडे हात नेला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"थांबा. पाणी पिऊ नका अजून."

आतल्या दारात मृदुला उभी होती. हातात पोह्यांच्या बशांचा ट्रे, अंगावर आईची असावी अशी जड साडी, डोळ्यांत झोप. फोटोतली तीच मुलगी, पण फोटोतल्यापेक्षा पुष्कळ थकलेली.

"बँकेचं फिटलेलं नाही," ती म्हणाली. "निम्म्याच्या वर राहिलंय. फोटोखाली छापलेला पगारही माझा नाही. फोटो त्यांनी मागून घेतला, आकडा त्यांनी घातला. मला मिळतं त्यातलं अर्ध्यापेक्षा जास्त हप्त्याला जातं. उरतं त्यात एका खोलीत चौघी राहतो. मागं दोन स्थळं यावरूनच फिरली. तुम्हाला लग्नानंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं."

"का गं अशी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतीस," म्हणून काकू रडायला लागल्या. आत्याचा हात पेल्याच्या अलीकडेच थांबला होता.

"स्थळ?" आत्या म्हणाली. "कसलं स्थळ?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रत्नाक्का न सांगता दारात येते, शेजारी टेकते, पाणी मागते आणि पीत नाही. या माऊलीनं दुसरं काय समजायचं होतं? मी पिशवीतून माहितीपुस्तक काढलं आणि जमेल तसं सांगितलं की स्थळ वगैरे काही नाही, मलाच त्या कॉलेजात जायचंय, आत्या घर तारण ठेवणार आहे, म्हणून विचारायला आलो होतो.

काकूंचं रडणं मधेच थांबलं. त्यांनी मुलीसाठी खोटं बोलून ठेवलं होतं आणि ते खोटं दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात पडणार होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. त्या आत्याचे पाय धरायला वाकल्या. आत्यानं त्यांना धरून खाटेवर बसवलं. मृदुलानं ट्रे खाली ठेवला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि ती हसली. मग त्या जड साडीसकट माझ्याजवळ भुईवरच बसली.

त्यानंतर जे बोलणं झालं ते सरळ झालं. कॉलेजात सगळेच वाईट नव्हते, असं ती म्हणाली. दोघा-तिघांना खरंच मोठ्या नोकऱ्या लागल्या, ते आधीच इंजिनिअर होते. बाकीच्यांना बँकांची कार्डं विकायला, विमा विकायला धाडलं. पुस्तकातला आकडा त्या दोघा-तिघांच्या जोरावर फुगला होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मला हे ऐकायचं नव्हतं. मी चिडूनच विचारलं, "म्हणजे तू गेलीस ते चुकलंच?"

तिनं एक बशी पुढं ओढली. पोह्यांवरची कोथिंबीर बोटानं बाजूला करत राहिली.

"कॉलेज चुकलं," ती म्हणाली. "चौकशी कमी पडली. जाणं नाही चुकलं." मग आईकडे एकदा बघून म्हणाली, "ताईच्या लग्नाला बाबांनी कर्ज काढलं. ते बाबा अजून फेडतात. त्यावर ताईचं नाव नाही, किती आहे ते तिला माहीत नाही, तिच्या सासरच्यांनाही नाही. माझं निदान माझ्या नावावर आहे. मला त्याचा पैन्‌पै ठाऊक आहे. शेवटचा हप्ता मी भरणार, आणि त्या दिवशी ते संपणार."

आत्या मृदुलाकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता ही काहीतरी लागट बोलणार.

आत्यानं पेला उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायली. पेला ताटलीवर पालथा घातला. "पोरीला रागवू नका," एवढंच काकूंना म्हणाली आणि उठली.

एस.टी. स्टँडवर आल्यावर मला धीर निघेना. चौकशी वाईट निघाली होती, पण ती पाणी प्यायली होती. रत्नाक्काचं पाणी म्हणजे होकार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी विचारलं, "मग बँकेत कधी जायचं?"

"त्या कॉलेजला माझं घर न्हाई देणार," आत्या म्हणाली.

"पण तू पाणी प्यायलीस."

"पाणी त्या पोरीचं प्यालो. कॉलेजचं न्हवं."

मी स्टँडवरच रडले. माणसं बघत होती. मी तिला नको ते बोलले. तुझं घर तुला लखलाभ, म्हणाले, वर जाताना घेऊन जा. तिनं पिशवीतून पोळीचा डबा काढून माझ्यापुढं धरला. "हे स्थळ नको म्हणलं, लगीनच नको म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "दुसरं बघूया. सही मी देणार हाय." मी डबा घेतला नाही. परत येताना आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

घरी अण्णांनी सगळं ऐकलं आणि "अक्का म्हणते ते बरोबर आहे" म्हणून गिरणीचा पट्टा चढवायला निघून गेले. मला त्यांचाही राग आला. ज्याला शिक्षणाची चव नाही त्याला माझी भूक काय कळणार, असं मी आईला म्हटलंसुद्धा. अण्णा स्वतःच नेहमी सांगायचे, "आपलं डोकं नव्हतं गं अभ्यासात." आई माझ्याकडे नुसती बघत राहिली.

पुण्याची जागा गेली. मी एका हिशेबनिसाच्या कचेरीत कामाला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि सकाळी लवकर उठून एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा. आत्याशी बोलणं तुटलं नव्हतं, पण पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. तिनं मात्र त्या वर्षात दोन गोष्टी केल्या. मृदुलाला आमच्या नात्यातल्या एका शिक्षकाचं स्थळ आणलं. बोलणी करताना पहिलंच वाक्य असं टाकलं, की मुलीच्या नावावर कर्ज आहे, लग्नानंतरही ते तीच तिच्या पगारातून फेडणार, हे ज्याला चालत असेल त्यानंच पुढं बोलावं. लग्न झालं आणि चांगलं झालं. दुसरी गोष्ट म्हणजे माझ्यासाठी तिची चौकशी चालूच राहिली. कुठून कुठून शिकलेल्या मुलामुलींच्या घरी जाऊन ती उन्हाळ्याच्या, पावसाच्या, थंडीच्या गप्पा मारत होती. मला ते मागाहून कळलं.

पुढच्या वर्षी मला पुण्यातच सरकारी विद्यापीठात जागा मिळाली. गुळगुळीत पुस्तक नव्हतं, एक साधं पत्र होतं. फी आधीच्या मानानं फारच कमी. बँकेला घर तारण नकोच होतं, फक्त एक जामीनदार हवा होता.

आम्ही तिघं बँकेत गेलो. शैक्षणिक कर्जाचं काम बघणारे साहेब वयस्क आणि सभ्य होते. शिपायानं पाणी आणून ठेवलं. अण्णा प्यायले, मी प्यायले. आत्याचा पेला तसाच. साहेबांनी अर्ज पुढं ओढला आणि मुख्य कर्जदाराच्या जागी सवयीनं अण्णांचं नाव लिहायला सुरुवात केली.

"पहिलं नाव पोरीचं घाला," आत्या म्हणाली.

साहेबांनी समजुतीनं सांगितलं की नियम तसाच आहे खरा, पण मुली लग्न होऊन कुठं जातात ते कळत नाही, म्हणून मुलींच्या बाबतीत आम्ही वडिलांना पुढं ठेवतो, वसुलीला बरं पडतं. आणि वडिलांची काही हरकत दिसत नाही.

"त्याची हरकत कवाच नसतीया," आत्या म्हणाली. "त्याचं नाव एकदा घालून झालंय. त्याला न विचारता."

"अक्का," अण्णा म्हणाले, "ते कशाला आता?"

पण आत्या थांबली नाही. ती साहेबांशी बोलत नव्हती आणि माझ्याशीही नव्हती. टेबलाच्या काचेकडे बघत बोलत होती. तिच्या लग्नात आजोबांनी गिरणीच्या यंत्रावर सावकाराकडून कर्ज काढलं होतं. सोनं, जेवणावळी, सासरच्यांचे मानपान. वर्षाच्या आत आजोबा गेले. अण्णा तेव्हा सांगलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, आमच्या घराण्यातले कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच. वर्गात वरच्या नंबरात होते, असं ती म्हणाली. सावकार दारात येऊन बसला तेव्हा अण्णांनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि ते गिरणीत उभे राहिले. ते कर्ज फिटलं तोवर माझा जन्म झाला होता.

"मी सासरी सुखात होतो," आत्या म्हणाली. "किती हाय, कोण फेडतंय, मी एकदा पण विचारलं न्हाई. शंभर घरांत जाऊन विचारत फिरलो, आपल्या घरात न्हाई विचारलं. त्या नांद्र्याच्या पोरीनं सांगितलं तवा कळलं, की असलं विचारायचं असतंय."

अण्णा खाली मान घालून बसले होते. त्यांच्या कानामागं पिठाची पांढरी रेघ राहिली होती, सणावारीसुद्धा ती कधी पुरती जायची नाही. डोकं नव्हतं म्हणणारे माझे अण्णा. त्यांना शिक्षणाची चव नाही असं मी म्हटलं होतं.

साहेबांनी तो अर्ज फाडला आणि कोरा घेतला. मला नाव विचारलं. मी सांगितलं, त्रिशला आदगोंडा मगदूम. त्यांनी ते पहिल्या ओळीत लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. नंतर नोकरी लागली, हप्ते सुरू झाले, तंगीचे दिवस आले, तेव्हा मला कित्येकदा ती ओळ आठवली आहे. आता ते हप्तेही संपून पुष्कळ वर्षं झाली.

माझ्यानंतर आत्यानं सही केली. एकेक अक्षर जुळवत, जीभ दातांत धरून. पेन खाली ठेवलं, आणि मग तो पाण्याचा पेला उचलला. अर्धा प्यायली आणि उरलेला अण्णांपुढं सरकवला.

"आदू," ती म्हणाली, "पी."

अण्णा मघाशीच पाणी प्यायले होते. तरी त्यांनी तो पेला घेतला आणि बहिणीचं उष्टं पाणी हळूहळू, शेवटपर्यंत प्यायले.